मौजे देवनार, तालुका कुर्ला

गोवंडी स्टेशनच्या पूर्वेला एखादे कुटुंब फ्लॅट घेते, तेव्हा नोंदणी कार्यालयातून एक जाडजूड दस्त घरी येतो. त्याच्या पानापानावर ‘करल’ या तीन अक्षरांचा शिक्का असतो. करल म्हणजे कुर्ल्याचे दुय्यम निबंधक. दस्ताच्या शेवटी मिळकतीचे वर्णन येते. बिल्डरच्या जाहिरातीत जिला चेंबूर म्हटले होते आणि रिक्षावाला जिला गोवंडी म्हणतो, ती जागा इथे मौजे देवनार, तालुका कुर्ला, जिल्हा मुंबई उपनगर अशी उतरते. थोडे पुढे गेले की दुसऱ्या इमारतीच्या दस्तात देवनारच्या जागी बोर्ला हे नाव दिसते. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला आपण बोर्ला गावचे रहिवासी आहोत याचा पत्ता पहिल्यांदा लागतो तो बहुधा या कागदावरून.

बोर्ला, देवनार, मानखुर्द, मंडाले, तुर्भे, आणिक, माहुल, वाढवली, मारवली, चेंबूर. हार्बर मार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही सगळी महसुली गावे आहेत. शेती कधीच गेली, विहिरी बुजल्या, गुरचरणावर कारखाने उभे राहिले, पण महसूल खात्याच्या दफ्तरात गावे आपापल्या सीमांसह शाबूत आहेत. बाहेरच्या माणसाला मुंबई एकसंध शहर वाटते; जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या खात्याला मात्र तिथे आजही तालुका आणि गावेच दिसतात.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा कायदा राज्याच्या जमिनीची उतरंड सांगतो. सर्वांत वर महसुली विभाग, त्याखाली जिल्हा, मग उपविभाग, मग तालुका आणि सर्वांत खाली गाव. गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्याला लागू असलेली हीच उतरंड गोवंडीलाही लागू आहे. गोवंडीचा विभाग कोकण. त्याचे आयुक्त खाडीपलीकडे बेलापूरच्या कोकण भवनात बसतात. जिल्हा मुंबई उपनगर. जिल्हाधिकारी वांद्रे पूर्वेला. तालुका कुर्ला, पण कुर्ल्याचे तहसीलदार कुर्ल्यात भेटत नाहीत, त्यांचे कार्यालय मुलुंड पश्चिमेला आहे. सर्वांत खाली तलाठी. या पदाचे नाव राज्य सरकारने २०२४ मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी असे केले. त्यामुळे जिथे ग्रामपंचायत नाही, ग्रामसभा नाही आणि जनगणनेच्या लेखी एकही ग्रामीण माणूस नाही, अशा जिल्ह्यालाही ग्राम महसूल अधिकारी मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती आणि तीत ग्रामीण लोकसंख्या शून्य होती.

साष्टीपासून उपनगरापर्यंत

ही गावे शहरात आली कशी, याचा इतिहास मुंबई बेटाच्या इतिहासापेक्षा वेगळा आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची सात बेटे सतराव्या शतकात इंग्रजांकडे आली. शीवच्या खाडीपलीकडची साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ ते १७३९ या काळातल्या चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत ती मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा पक्का झाला. साष्टीच्या आग्नेयेला, मधल्या खाजणाने तुटलेले तुर्भे बेट होते. इंग्रजांनी त्याचे ट्रॉम्बे केले. आजचे गोवंडी, मानखुर्द, अणुशक्तीनगर आणि चेंबूरचा बराचसा भाग या बेटावर किंवा त्याच्या कडेच्या खाजणात वसलेला आहे.

कंपनी सरकारच्या काळात साष्टीतली अनेक गावे एकेका मोठ्या मालकाकडे गेली. पवईची जहागीर फ्रामजी कावसजींकडे आली. कुर्ला आणि त्याच्या आसपासची गावे १८०८ मध्ये होरमसजी वाडिया यांना मुंबईतल्या जागेच्या बदल्यात मिळाली. सारा कोणी भरायचा, खाजण कोणाचे, मिठागर कोणाचे, हे ठरवायला प्रत्येक गावाची हद्द मोजणे भाग होते. आज दस्तांवर दिसणाऱ्या मौजांच्या सीमा या मोजणीच्या परंपरेतून आलेल्या आहेत. जहागिरींच्या सारामाफीचा शेवट थेट स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये खास साष्टी इस्टेटींसाठी केलेल्या कायद्याने झाला.

साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. १९१७ मध्ये तिचे उत्तर साष्टी आणि दक्षिण साष्टी असे दोन भाग झाले. १९२० मध्ये दक्षिण साष्टीची ८४ गावे ठाण्यापासून तोडून मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा केला गेला आणि वांद्रे त्याचे मुख्य ठिकाण ठरले. शहर बेटाबाहेर सांडू लागले होते आणि त्या सांडण्यावर लक्ष ठेवणारा जिल्हाधिकारी जवळ हवा होता. पुढे महापालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांत शिरली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. उपनगर हा वेगळा जिल्हा मोडून बृहन्मुंबई असा एकच जिल्हा झाला. १ ऑक्टोबर १९९० रोजी त्याची पुन्हा फाळणी झाली आणि मुंबई शहर व मुंबई उपनगर असे दोन जिल्हे झाले. उपनगराला अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके मिळाले.

शहर जिल्ह्यात तालुका हा प्रकारच नाही. बेटावरच्या जमिनीची मोजणी वेगळ्या पद्धतीची, तिचे क्रमांक वेगळे आणि दफ्तर वेगळे. शीवचा पूल ओलांडून चुनाभट्टीकडे आले की तालुका सुरू होतो, मौजे सुरू होतात, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सुरू होतात. ज्या ठिकाणी नगर भूमापन पूर्ण झाले तिथे सातबाराची जागा मालमत्ता पत्रकाने घेतली. गावाचे नाव मात्र मालमत्ता पत्रकाच्या डोक्यावरही तसेच राहिले.

गावांच्या जमिनीवर कोण आले

तुर्भे बेटावरची गावे शहराला आधी आठवली ती कचऱ्यासाठी. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला, तेव्हा त्यावरून माणसे नव्हे, तर शहराचा कचरा जात असे. प्रवासी गाडी सुरू व्हायला १९२४ उजाडले. १९२७ पासून देवनारच्या खाजणात कचरा पडू लागला आणि तिथला डोंगर अजूनही उभा आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांतही दिसला होता.

स्वातंत्र्यानंतर वेग वाढला. १९५४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला आली. १९५६ मध्ये लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली. देशाचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आज तीच पार पाडते आणि तिचा पत्ता गोवंडी स्टेशन रोड, देवनार असा आहे. त्याच वर्षी ४ ऑगस्टला तुर्भ्याच्या डोंगरापलीकडे ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. माहुलच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पुढे खत कारखाना आला. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलवण्यात आला. शहराला जे जे जवळ नको होते आणि ज्याला मोकळी जागा लागत होती, ते ते या मौजांमध्ये आले.

माणसेही आणून टाकण्यात आली. सत्तरच्या दशकात महापालिकेने देवनारच्या कचराभूमीलगत शिवाजीनगर आणि बैंगनवाडीत प्लॉट आखले आणि शहराच्या इतर भागांतून उठवलेल्यांना तिथे वसवले. मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी पाडण्यात आली आणि तिथल्या हजारो कुटुंबांना चीता कॅम्पला हलवण्यात आले. पुढे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरे गेलेल्यांसाठी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशीनाका इथे इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. या प्रत्येक वस्तीने आपला पत्ता स्वतः तयार केला. शिवाजीनगरात माणूस रोड नंबर आणि प्लॉट नंबर सांगतो, चीता कॅम्पमध्ये सेक्टर सांगतो, कचराभूमीलगतच्या रफिकनगरात नाल्याच्या खुणेने घर दाखवले जाते. मौजे देवनार यातल्या कोणाच्याच तोंडी नसते.

उत्तर, पूर्व, ईशान्य, दक्षिण मध्य

महसुली नकाशा हा गोवंडीवर पसरलेल्या अनेक नकाशांपैकी एक. महापालिकेचा नकाशा वेगळा. तिने मुंबईची विभागणी अक्षरांनी केली. मूळच्या एम वॉर्डचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले आणि गोवंडी, मानखुर्द, ट्रॉम्बे, अणुशक्तीनगर एम पूर्वेत आले. पोलिसांच्या नकाशात हा भाग पूर्व प्रादेशिक विभागाच्या परिमंडळ ६ मध्ये आहे आणि गोवंडी, देवनार, शिवाजीनगर, मानखुर्द, ट्रॉम्बे अशी एकमेकांना खेटून पोलीस ठाणी आहेत. माध्यमिक शाळांच्या लेखी गोवंडी शिक्षण निरीक्षकांच्या उत्तर विभागात मोडते. रिक्षाच्या पाटीवर एमएच-०३, म्हणजे मुंबई पूर्व. त्याचे परिवहन कार्यालय वडाळ्याला, म्हणजे दुसऱ्याच जिल्ह्यात. टपाल खाते स्टेशनच्या एका बाजूला ४०००४३ आणि दुसऱ्या बाजूला ४०००८८ लिहिते.

निवडणुकीचा नकाशा सर्वांत गमतीचा. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, २००९ पासून मानखुर्द-शिवाजीनगर विधानसभा मतदारसंघ लोकसभेच्या मुंबई ईशान्यमध्ये आहे आणि त्याला लागून असलेला अणुशक्तीनगर मुंबई दक्षिण मध्यमध्ये. चीता कॅम्पचा मतदार धारावी, माहीम आणि वडाळ्याच्या मतदारांसोबत खासदार निवडतो. शिवाजीनगरचा मतदार मुलुंड आणि भांडुपच्या मतदारांसोबत. दक्षिण मध्य हा मतदारसंघ शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आरामात पाय टाकून बसला आहे. एकाच वॉर्डातल्या दोन वस्त्या अशा रीतीने एका खात्याला पूर्व, दुसऱ्याला उत्तर, तिसऱ्याला ईशान्य आणि चौथ्याला दक्षिण मध्य वाटतात.

हे सगळे कोणी वेडेपणाने केलेले नाही. पोलिसांना गुन्ह्यांचा भार वाटून घ्यायचा असतो, मतदारसंघांची फेररचना करणाऱ्या आयोगाला लोकसंख्या सारखी ठेवायची असते, टपाल खात्याला बटवड्याची सोय पाहायची असते. प्रत्येक रेघेमागे त्या त्या खात्याचे कारण आहे. अडचण होते ती त्या रेघा एकमेकींवर बसत नाहीत, तेव्हा.

एका वॉर्डात सिंधुदुर्ग

एम पूर्वेच्या आकाराचा अंदाज येण्यासाठी दोन आकडे शेजारी ठेवावेत. २०११ च्या जनगणनेत एम पूर्व विभागाची लोकसंख्या सुमारे ८ लाख ७ हजार होती. त्याच जनगणनेत अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. सिंधुदुर्गात आठ तालुके, तेवढेच तहसीलदार, तेवढ्याच पंचायत समित्या, एक जिल्हा परिषद आणि सातशेहून अधिक गावे आहेत. एम पूर्वेला एक सहायक आयुक्त आहे आणि २०१७ च्या निवडणुकीत तिथून पंधरा नगरसेवक निवडून गेले. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाकडे कारभार राहिला आणि ते पंधराही नव्हते. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ३४ जिल्हा परिषदा आहेत. ज्या दोन जिल्ह्यांना परिषद नाही ते मुंबईचेच.

दूरचे उदाहरण घेतले तर फरक आणखी उठून दिसतो. मध्य आशियातल्या ताजिकिस्तानात प्रांताला विलोयत, त्याखालच्या जिल्ह्याला नोहिया, त्याखालच्या गावसमूहाला जमोअत आणि गावाला देहा म्हणतात. पामीरच्या पठारावरचा मुर्गाब हा त्यांचा एक नोहिया. क्षेत्रफळ सदतीस हजार चौरस किलोमीटरांहून जास्त, म्हणजे सातही जिल्हे धरून असलेल्या आपल्या कोकण विभागापेक्षा मोठा. लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास. अलिचूर, रंगकुल, करकुल अशी त्याच्या जमोअतांची नावे. याकांचे कळप आणि विरळ वस्ती असलेल्या त्या मुलखात जमोअतच्या कार्यालयाचे अंतर मोठे असते, पण कार्यालय कोणते हे सर्वांना ठाऊक असते. शेजारच्या किर्गिझस्तानने खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी २०२४ मध्ये आपले ग्रामीण समूह, ज्यांना तिथे आयिल आयमाक म्हणतात, एकमेकांत विलीन करून त्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आणली. तिथे चर्चा आहे ती पायऱ्या कमी करण्याची. गोवंडीत पायऱ्या आहेत, पण त्या एका जिन्याच्या नाहीत.

साधे रेशनकार्ड घ्या. साताऱ्यात किंवा लातुरात रेशनकार्डासाठी माणूस तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जातो. मुंबईत हे काम तहसीलदारांकडे नाही. शिधावाटप नियंत्रकांची वेगळी यंत्रणा आहे आणि तिची परिमंडळे पुन्हा वेगळी. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला मात्र तहसीलदारांकडचाच. जन्ममृत्यूची नोंद वॉर्ड ऑफिसात. शाळा महापालिकेची, पण दहावीची शाळा खासगी असेल तर शिक्षण निरीक्षक. शिष्यवृत्तीच्या एका अर्जासाठी लागणारी चार कागदपत्रे चार वेगळ्या नकाशांमधून गोळा करावी लागतात.

जमीन कोणाची, यावर घर कोणाचे

झोपडपट्टीत नकाशांचा हा गुंता सर्वांत जास्त टोचतो. १९७१ चा झोपडपट्टी कायदा झाला, १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली आणि लोकांना फोटोपास मिळाले. गोवंडी-मानखुर्दच्या कित्येक घरांत तो जुना फोटोपास अजून प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपून ठेवलेला असतो. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. पुनर्विकासाची योजना निघाली की पात्र झोपडीधारकांची यादी करावी लागते. तिला सगळे परिशिष्ट-२ म्हणतात. ही यादी कोणी करायची हे जमिनीच्या मालकीवर ठरते. जमीन महापालिकेची असेल तर पालिकेचा अधिकारी, सरकारी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेतले उपजिल्हाधिकारी, म्हाडाची असेल तर म्हाडा. जमीन केंद्र सरकारच्या एखाद्या खात्याची निघाली तर त्या खात्याच्या परवानगीविना पान हलत नाही.

समोरासमोरच्या दोन गल्ल्या. माणसे सारखी, घरे सारखी, पाण्याच्या रांगाही सारख्याच. एका गल्लीचा नगर भूमापन क्रमांक पालिकेच्या नावावर, दुसरीचा सरकारच्या. पहिल्या गल्लीची सुनावणी एका कचेरीत, दुसरीची दुसऱ्या कचेरीत, आणि दोघींची गती वेगळी. इथे मौजा कोणता आणि सर्व्हे नंबर कोणता याला अचानक महत्त्व येते. वस्तीतले जुने कार्यकर्ते म्हणूनच मालमत्ता पत्रकाची नक्कल काढायला सांगतात. ती हातात असली की कोणत्या दारात उभे राहायचे ते कळते.

मूळ गावकऱ्यांचा प्रश्न याच्या उलट बाजूचा आहे. देवनार, मानखुर्द, तुर्भे, चेंबूर इथे जुनी गावठाणे आणि कोळीवाडे आहेत. कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात. गावठाणाची सीमा एकेकाळी आखली गेली, त्यानंतर कुटुंबे वाढली, घरे सीमेबाहेर सरकली. सीमेच्या आतले घर गावठाणातले आणि दहा पावलांवरचे भावाचे घर अतिक्रमण, अशी स्थिती काही ठिकाणी आली. ट्रॉम्बे कोळीवाड्याला तर जाळी वाळवायची, होड्या ओढायची जागा हीसुद्धा वस्तीचाच भाग वाटते. मोजणीत ती मोकळी जमीन ठरते. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या निमित्ताने गावठाणे आणि कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी शहरभर जोरात पुढे आली. इथल्या गावकऱ्यांना गाव नुसते कागदावर राहून पुरत नाही. त्याची हद्द जमिनीवर दाखवून हवी असते.

महापालिकेच्या २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, सर्व वॉर्डांत सर्वांत कमी. या आकड्याने बरेच काही हलवले. संस्था आल्या, सर्वेक्षणे झाली, शेजारच्या समाजविज्ञान संस्थेने वॉर्डाच्या विकासाचा प्रकल्प हाती घेतला. हा आकडा काढता आला, कारण वॉर्ड हे मोजण्याचे एकक होते. मौजे देवनारचा किंवा कुर्ला तालुक्याचा असा निर्देशांक कोणी काढलेला नव्हता. जमिनीची माहिती एका नकाशात आणि माणसांची दुसऱ्या, म्हणून कोणत्या मौजातल्या किती एकरांवर किती मुले कुपोषित आहेत असा सरळ प्रश्न विचारला तर दोन खात्यांची दफ्तरे एकत्र आणावी लागतात.

नावांचे मात्र काही सांगता येत नाही. डी. एन. नगरहून चेंबूरमार्गे येणाऱ्या मेट्रो २ब मार्गिकेचे टोक आणि कारडेपो ठरवताना जागा निवडली गेली ती मानखुर्दच्या पुढची, आणि नाव दिले गेले मंडाले. तोपर्यंत या नावाचा उच्चार होई तो झोपड्या पाडल्याच्या बातम्यांत किंवा सातबाऱ्यावर. आता मेट्रोच्या नकाशावर अंधेरीकडून येणाऱ्या पिवळ्या रेषेचे शेवटचे स्टेशन म्हणून ते छापले जाते. तुर्भ्याचे उलटे झाले. कुर्ला तालुक्यातले तुर्भे ट्रॉम्बे या नावाखाली झाकले गेले आणि तुर्भे म्हटले की मुंबईकराला खाडीपलीकडचे, नवी मुंबईतले घाऊक बाजारांजवळचे तुर्भे आठवते. दोन्ही गावे दोन तालुक्यांच्या दफ्तरात आहेत, आणि नोंदणी कार्यालयात दस्त लिहिणारे वकील तालुक्याचे नाव दोनदा तपासून घेतात.